नदीच्या दोन्ही काठांवर एकच बाग: मुस्काऊ उद्यान पुन्हा कसं उभं राहिलं आणि असं काम कसं करतात

प्रश्न असा होता: जर्मनी आणि पोलंडच्या सीमेवरचं मुस्काऊ उद्यान जागतिक वारसा आहे, नदीने आणि सीमेने त्याचे दोन तुकडे केले होते. अशी दोन देशांत पडलेली ऐतिहासिक बाग वारसा पर्यटनासाठी पुन्हा उभी करायची तर सुरुवात कुठून करायची, कोणतं काम आधी, कोणतं नंतर, आणि काय बिघडतं?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, अशा बागेत बांधण्यापेक्षा तोडण्याचं काम जास्त असतं. वाढलेलं रान काढून जुनी दृश्यं मोकळी करणं, पाचोळ्याखाली गाडलेल्या वाटा शोधून पुन्हा चालत्या करणं आणि गवताळ मैदानांची कापणी वेळच्या वेळी करणं, यात बहुतेक वर्षं जातात. वाडा, पूल, फलक ही लोकांच्या डोळ्यांत भरणारी कामं त्यानंतरची. सीमेचा प्रश्न यात असा येतो की कामाचा नकाशा देशांप्रमाणे वाटून घेता येत नाही. एक दृश्य एका काठावर सुरू होतं आणि दुसऱ्या काठावर संपतं. त्यामुळे कामाचं एकक म्हणून जमिनीचा तुकडा न धरता दृश्यरेषा धरावी लागते.

आता जागा समजून घेऊ. बर्लिनच्या आग्नेयेला, लुसाटियन नाइसे नदीच्या खोऱ्यात हे उद्यान आहे. पश्चिम काठावर जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातलं बाड मुस्काऊ, पूर्व काठावर पोलंडमधलं वेंक्नित्सा. प्रिन्स हेरमान फॉन प्युक्लर याने 1815 ते 1844 या काळात ते घडवलं. 1 मे 1815 रोजी त्याने मुस्काऊच्या नागरिकांना जाहीर पत्र लिहून बागेसाठी लागणाऱ्या जमिनी मागितल्या, आणि पुढची तीस वर्षं त्यातच पैसा ओतून कर्जबाजारी होऊन 1845 मध्ये जहागीर विकली. पुढे ती नेदरलँड्सच्या प्रिन्स फ्रेडरिककडे गेली. प्युक्लरचा शिष्य एदुआर्ड पेट्झोल्ड याने त्या काळात बागेची देखरेख केली आणि तिच्यात भरही घातली. 1880 च्या दशकापासून 1945 पर्यंत ती आर्निम घराण्याकडे होती. 1945 च्या वसंतात युद्धाची आघाडी याच नदीवर होती. नवा वाडा जळाला, नदीवरचे पूल गेले, आणि युद्धानंतर नदीच सीमा ठरली. बागेचा मोठा हिस्सा पोलंडकडे आला, वाडा जर्मनीकडे राहिला. पूर्वेकडे पुढची चार दशकं रान वाढत गेलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही देशांच्या वारसा संस्थांनी एकत्र काम सुरू केलं, 1993 मध्ये सॅक्सनीने जर्मन बाजूसाठी खास प्रतिष्ठान स्थापलं, आणि 2004 मध्ये दोन्ही देशांनी मिळून केलेल्या प्रस्तावावरून युनेस्कोने 348 हेक्टर क्षेत्र जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. त्याभोवती साधारण 1,205 हेक्टरचं संरक्षक क्षेत्र आहे.

पहिला निर्णय कागदावरचा असतो, आणि तो टाळला तर पुढे दर महिन्याला भांडण होतं: बाग कोणत्या काळासारखी दिसायला हवी? प्युक्लरने 1834 मध्ये बागकामावर पुस्तक लिहिलं. त्यात शिर्मर या चित्रकाराची दृश्यं आणि बागेचे नकाशे आहेत, त्यामुळे "पुस्तकात आहे तसं करा" असा मोह होतो. पण पुस्तकातलं सगळंच प्रत्यक्षात झालं नव्हतं, काही नुसते बेत होते. उलट पेट्झोल्डच्या काळातली झाडं आज दीडशे वर्षांची आहेत आणि ती बागेचा भाग झाली आहेत. नव्या वाड्याचं तर आजचं रूपच प्युक्लरनंतरचं, 1860 च्या दशकातलं आहे. ऐतिहासिक बागांसाठीची 1981 ची फ्लोरेन्स सनद सांगते की बागेच्या एकामागोमाग आलेल्या टप्प्यांचा मान राखावा, एका काळाला उगाच झुकतं माप देऊ नये. व्यवहारात याचा अर्थ असा: मांडणी, म्हणजे वाटा, दृश्यं, पाणी आणि मैदानांच्या कडा प्युक्लरच्या. नंतरची चांगली झाडं आणि इमारती जिथे मांडणी मोडत नाहीत तिथे जशा आहेत तशा. आणि 1945 नंतर आपोआप उगवलेलं रान हटवण्यायोग्य. हे तीन ओळींचं सूत्र दोन्ही भाषांत, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी, एकाच क्रमांकाच्या दस्तऐवजात हवं. दोन देशांनी दोन वेगळे आराखडे केले की जर्मन बाजूचं झाड "वारसा" आणि समोरचं त्याच वयाचं झाड "झुडूप" ठरतं.

जे पूर्ण नाहीसं झालं ते पुन्हा बांधू नये, हेही याच टप्प्यावर ठरवावं. पूर्व काठावरच्या जुन्या समाधिगृहासारख्या जागी पायाची रेघ मोकळी करून दाखवणं पुरेसं आणि जास्त प्रामाणिक असतं. पर्यटन खात्याला इमारत हवी असते, हे खरं. पण अंदाजाने बांधलेली एक इमारत शेजारच्या दहा अस्सल गोष्टींवर शंका उभी करते.

दुसरं काम मोजणीचं. इथे एक अगदी बारीक पण महागात पडणारी गोष्ट आहे. दोन देशांचे नकाशे वेगवेगळ्या जाळ्यांवर असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते संगणक जुळवून देतो. उंची मात्र फसवते. पोलंडच्या जुन्या नकाशांतली उंची बाल्टिक समुद्रावरच्या क्रोनश्टाट इथल्या पातळीपासून मोजलेली असते, आजच्या जर्मन नकाशांतली ॲमस्टरडॅमच्या पातळीपासून. दोन्हींत साधारण 15 ते 17 सेंटिमीटरचा फरक पडतो. पोलंडने आता ॲमस्टरडॅमची पातळी स्वीकारली आहे, पण जुने आराखडे जुन्या आकड्यांचेच असतात. बागेच्या वाटेला हा फरक कळत नाही. पुलाच्या दोन टोकांना किंवा पाणी सोडण्याच्या दाराला तो पुरेपूर कळतो. म्हणून प्रत्येक आराखड्यावर उंचीची पद्धत लिहिलेली असलीच पाहिजे, आणि नदीच्या दोन्ही काठांवर एकाच दिवशी मोजलेले किमान तीन-तीन पक्के खुणेचे दगड हवेत.

हरवलेल्या वाटा शोधणं हे या कामातलं सगळ्यात समाधानाचं काम. जंगल माजलं तरी खडीची वाट मरत नाही, ती पाचोळा आणि त्याच्यापासून झालेल्या काळ्या मातीच्या थराखाली झोपलेली असते. हा थर बहुधा 10 ते 30 सेंटिमीटर असतो. जुन्या नकाशावरची वाट आजच्या नकाशावर बसवायची, मग तिला आडव्या रेषेत दर 20 मीटरवर जायचं आणि त्या रेषेवर दर अर्ध्या मीटरला हातातली लोखंडी सळई खुपसायची. मातीत सळई नुसती आत जाते. वाट लागली की टोकाला खर्र असा आवाज येतो आणि मनगटाला तो जाणवतो. दोन बाजूंना तो आवाज जिथे बंद होतो तिथे झेंडी लावायची. अशा पाच-सहा रेषा झाल्या की वाटेचं वळण डोळ्यांसमोर उभं राहतं. मग दर 100 मीटरला एक आडवा चर खणून थर पाहायचे: वरची बारीक कच, खालची मोठी खडी, कडेचा दगड असेल तर तो. चराचे फोटो मोजपट्टीसह काढून ठेवायचे. उत्साहाच्या भरात जेसीबी लावून सरळ वरचा थर ओढू नये, कारण जुनी खडी त्याच्याबरोबर निघून जाते आणि वाटेची खरी रुंदी पुन्हा कधीच कळत नाही. वाटेच्या मधोमध उगवलेल्या झाडाची मुळं उपटायची नाहीत, बुंधा जमिनीलगत कापून मुळं कुजू द्यायची.

आता दृश्यरेषा. बागेचा जीव इथे आहे. प्युक्लरच्या मांडणीत वाट चालणाऱ्याला वळवून वळवून एखाद्या मोकळ्या जागी आणते आणि समोर वाडा, पूल, नदीचं वळण किंवा एकटा ओक दिसतो. वाड्याजवळून पाहिलं तर नजर नदी ओलांडून पोलंडच्या चढत्या काठावर जाते. पूर्वेच्या उंचीवर 1901 मध्ये प्युक्लरच्या स्मरणार्थ ठेवलेल्या शिळेपाशी उभं राहिलं तर नजर परत वाड्याकडे येते. एका बाजूने झाडं काढली आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर दोघांचाही खर्च वाया.

पद्धत अशी. पाहण्याच्या जागी डोळ्याची उंची 1.6 मीटर धरून खांब रोवायचा. दुसऱ्या टोकाला, म्हणजे समोरच्या काठावर, एक माणूस उंच काठीला भगवं किंवा पिवळं कापड बांधून उभा करायचा, आणि दोघांच्या हातात फोन. एक-एक झाडाकडे बोट दाखवत चालायचं. काढायच्या झाडाला लाल ठिपका, ठेवायच्याला पांढरा, आणि जिथे मतभेद आहे तिथे निळा. निळ्या झाडांचा निर्णय त्या दिवशी करायचाच नाही. ही फेरी वर्षातून दोनदा करायची: नोव्हेंबरमध्ये पानं झडल्यावर आणि जूनमध्ये पालवी भरल्यावर. हिवाळ्यात मोकळी दिसणारी रेषा जूनमध्ये भिंत होते. आणि बाकावर बसूनच पाहू नये, वाटेवरून चालत पाहावं. प्युक्लरची दृश्यं चालणाऱ्यासाठी आहेत, दहा पावलांत उघडून पुढच्या दहात मिटणारी.

इथे एक साधं गणित कामी येतं आणि पुष्कळ झाडं वाचवतं. डोळा 1.6 मीटरवर आहे. 10 मीटर अंतरावर 2 मीटर उंच झुडूप आहे, म्हणजे डोळ्यापेक्षा 40 सेंटिमीटर वर. हीच तिरकी रेषा पुढे नेली तर 500 मीटर अंतरावर डोळ्याच्या पातळीपासून 20 मीटर उंचीपर्यंतचं सगळं झाकलं जातं. जवळचं एक झुडूप पलीकडच्या काठावरचा अख्खा वाडा खातं. म्हणून तोडणी नेहमी पाहणाऱ्याच्या पायापासून सुरू करायची आणि हळूहळू लांब जायची. आधी लांबची मोठी झाडं पाडणारे लोक नंतर पाहतात तर दृश्य अजून बंदच असतं, आणि तोवर शंभर वर्षांचा वृक्ष गेलेला असतो.

रेषा एका झटक्यात पूर्ण रुंदीला उघडू नये. पहिल्या हिवाळ्यात ठरलेल्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, मग एक-दोन वर्षं थांबायचं. याची तीन कारणं. गर्दीत वाढलेली झाडं उंच आणि बारीक असतात, शेजार गेला की वाऱ्यात मोडतात. बीच या झाडाची साल पातळ असते, सावलीतल्या खोडावर अचानक ऊन पडलं की ती भाजते, सुटते, आणि काही वर्षांत आत बुरशी शिरून झाड जातं. आणि प्रकाश मिळताच जमिनीतून काटेरी वेली आणि रोपं इतक्या जोराने येतात की कापणीची माणसं पुरत नाहीत.

त्या रानाशी लढण्याची रीत प्रत्येक वनस्पतीची वेगळी. रोबिनिया, म्हणजे आपल्या बाभळीसारखी काटे असलेली अमेरिकन जात, नुसती कापली तर मुळांतून डझनभर फुटवे काढते. तिच्या खोडाची साल हिवाळ्यात हातभर रुंदीच्या पट्ट्यात काढायची, पण घेराचा दहावा हिस्सा शाबूत ठेवायचा. झाड एकदम मरतंय असं त्याला वाटू द्यायचं नाही, हळूहळू मुळांतला साठा संपवायचा. पुढच्या वर्षी तो उरलेला पट्टाही काढायचा आणि झाड पूर्ण वाळल्यावरच पाडायचं. दोन-तीन वर्षं लागतात, पण फुटवे फारच थोडे येतात. नदीकाठी जपानी नॉटवीड ही झपाट्याने पसरणारी परकी वनस्पती असते. तिचा बोटभर तुकडा जरी पुरात वाहून खाली गेला तरी तिथे नवीन बेट होतं, म्हणून कापलेला पाला काठावर टाकायचा नाही. आणि मध्य युरोपातल्या नद्यांच्या काठी माजलेली तिसरी वनस्पती आपल्याकडची आहे: हिमालयातला मोठा गुलाबी तेरडा. आपल्या तेरड्यासारखीच त्याची शेंग हात लावताच फुटते, फक्त बी काही मीटर लांब उडतं. मुळं वरवरची असल्याने तो उपटायला सोपा, पण फुलं आल्यावर आणि शेंगा धरण्याआधी, जुलैच्या सुमाराला. नदीच्या वरच्या अंगाकडून खाली काम करत यायचं. एका काठाने उपटला आणि समोरच्याने नाही, तर पुढच्या पुरात सगळं परत.

तोडणीचं वेळापत्रक कायदा ठरवतो, आणि तो दोन्हीकडे वेगळा. जर्मन निसर्गसंरक्षण कायद्यात 1 मार्च ते 30 सप्टेंबर झाडझाडोऱ्याच्या तोडणीवर निर्बंध आहेत, बागांमधल्या झाडांना काही सवलती असल्या तरी घरटी नि वटवाघळं सापडली की त्या संपतात. पोलंडमध्ये घरटी काढण्याची मुभा 16 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर एवढीच, आणि वारसा नोंदीतल्या बागेत झाड पाडण्याची परवानगी प्रांताच्या स्मारक संरक्षक अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. म्हणजे दोन्ही काठांवर बिनधोक एकत्र काम करता येतं ते ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, साडेचार महिने. त्यातले बर्फाचे आणि ओल्या जमिनीचे आठवडे वजा करा. अवजड यंत्रं जमीन गोठलेली असतानाच मैदानावर न्यावीत, नाहीतर चाकांच्या चाकोऱ्या पुढची दहा वर्षं दिसतात. परवानग्यांचे अर्ज त्यामुळे उन्हाळ्यातच द्यावे लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, 1.3 मीटर उंचीवरचा घेर आणि फोटो अशी एकच यादी दोन्ही भाषांत ठेवायची.

पोकळ ओक दिसला की थांबायचं. त्याच्या ढोलीतल्या भुशात हर्मिट नावाचा भुंगेरा राहतो, तो युरोपीय कायद्याने कडक संरक्षित आहे. असं झाड दृश्यात मधोमध आलं तरी सहसा ठेवावंच लागतं, आणि ते योग्यच आहे. फांद्यांचं वजन कमी करून बुंधा राखतात. आणखी एक धोका युद्धाचा. जिथे आघाडी होती तिथल्या झाडांत बाँबचे तुकडे रुतलेले असतात, करवतीची साखळी त्यावर तुटते आणि लाकूड गिरण्या असा माल घेत नाहीत. जमिनीत न फुटलेला दारूगोळा असू शकतो. म्हणून मुळं काढणं, तळ्यातला गाळ उपसणं, पुलाचा पाया खणणं, या प्रत्येकाआधी दारूगोळा शोधणाऱ्या परवानाधारक पथकाची तपासणी अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर हवी.

लागवडीबद्दल थोडंच सांगतो. प्युक्लर एकाच खड्ड्यात दोन-चार रोपं एकत्र लावत असे, म्हणजे पुढे एकाच बुंध्यातून फुटल्यासारखं दाट, नैसर्गिक झाड दिसतं. तशी जागा बदलायची तर नर्सरीतलं एकच सरळसोट झाड लावून चालत नाही. रोपं बागेतल्याच जुन्या झाडांच्या बियांपासून तयार केलेली असावीत. कॉटबुसजवळच्या ब्रानिट्झ इथे, प्युक्लरच्या दुसऱ्या बागेत, यासाठीच जुनी रोपवाटिका पुन्हा चालू केली आहे. 2018 ते 2020 च्या कोरड्या उन्हाळ्यांनी तिथल्या सगळ्याच बागांना धडा दिला. वालुकामय जमिनीत मोठं झाड आणून लावलं तर पहिली तीन ते पाच वर्षं उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी 75 ते 100 लिटर पाणी घालावं लागतं. पाण्याची सोय नसेल तर हातभर उंचीची लहान रोपं लावावीत, ती मागून येऊन पुढे जातात.

वाटांची बांधणी. डांबर किंवा फरसबंदी नाही, खडी-कचेची पाणी दाबून केलेली वाट. खाली 15 ते 20 सेंटिमीटर 0 ते 32 मिलिमीटरची खडी, तिच्यावर 5 ते 6 सेंटिमीटर 0 ते 16 ची, आणि वर 3 सेंटिमीटर 0 ते 5 किंवा 0 ते 8 ची कच. मधोमध उंच, दोन्ही कडांना अडीच-तीन टक्के उतार. अडीच मीटर रुंद, एक किलोमीटर वाटेला वरचा थर दाबलेला 75 घनमीटर लागतो, सुटा माल मागवताना पंचवीस-तीस टक्के जास्त धरावा. वरचा थर ओलसर असताना, हाताने मुठीत दाबला तर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतपत, साध्या वजनी रोलरने दाबायचा. कंप देणारा रोलर वरच्या थरावर चालवला तर भुकटी वर येते, पावसात चिखल आणि उन्हात धूळ होते. भुकटीच कमी असेल तर वाट कधी बसतच नाही, पायाखाली सुटी राहते आणि व्हीलचेअर रुतते. सहा-सात टक्क्यांपेक्षा जास्त चढ असेल तर पाणी वाटेवरून धावून मधोमध घळ पाडतं, तिथे ठरावीक अंतरावर आडव्या दगडी पन्हाळ्या हव्यात. आणि शरद ऋतूत पाचोळा उचलायलाच हवा. तो वाटेवर कुजला की दोन वर्षांत गवत उगवतं, आणि मग ज्यासाठी सगळं केलं तेच परत झाकलं जातं.

मैदानांची कापणी जागेप्रमाणे. वाड्यालगतच्या फुलबागेतलं गवत दर आठवड्याला, मधल्या मैदानांचं वर्षातून दोनदा, पहिली कापणी जूनच्या मध्यानंतर. कापलेलं गवत उचलून न्यायचं. तिथेच सोडलं तर जमीन जास्त सुपीक होते, रानफुलं जातात आणि खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल येते.

पाण्याचं काम बहुतेकांच्या अंदाजपत्रकात कमी धरलेलं असतं. मुस्काऊमध्ये प्युक्लरने नदीतून एक फाटा काढून वाड्याभोवती नेला आणि तळी भरली. हेरमान्सनाइसे असं त्या फाट्याचं नाव. अशा फाट्यात प्रवाह मंद असल्याने नदीचा सगळा गाळ बसतो. एक हेक्टर तळ्यात 40 सेंटिमीटर गाळ म्हणजे 4,000 घनमीटर, दहा घनमीटरच्या ट्रकच्या 400 फेऱ्या, आणि गाळात जड धातू सापडले तर तो साधा शेतात टाकता येत नाही. म्हणून आधी नमुने, मग निविदा. गाळ अर्धा-अर्धा करून दोन हिवाळ्यांत काढावा, म्हणजे मासे-बेडकांना अर्धं तळं उरतं.

मग पूल. मुस्काऊमध्ये दुहेरी पूल 2003 मध्ये पुन्हा उभा राहिला, इंग्लिश पूल 2011 मध्ये. पहिला पूल झाला तेव्हा पोलंड युरोपीय संघातही नव्हता, आणि सीमेवरची नियमित तपासणी 21 डिसेंबर 2007 ला संपली. दुसऱ्या पुलाने फरक असा केला की बागेतल्या बागेतच नदी ओलांडून जाता येतं आणि वेगळ्या वाटेने परत येता येतं, त्यामुळे चालणारा खरोखर फेरी घालतो. सीमेवरच्या पादचारी पुलात बांधकामापेक्षा करारच अवघड. कोणत्या देशाच्या मानकांची परिशिष्टं लागू, कोण तपासणार, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे पहिली वीट बसण्याआधी लिहून हवं. जर्मन नियमाने पुलाची मुख्य तपासणी सहा वर्षांनी आणि मध्ये तीन वर्षांनी साधी, पोलंडमध्ये दरवर्षी एक आणि दर पाच वर्षांनी सविस्तर. दोन्हींतलं कडक ते घ्यावं. पुराचा अंदाज धरताना नुसती पाण्याची पातळी न धरता वाहून येणारे ओंडके धरावेत. ऑगस्ट 2010 मध्ये वरच्या अंगाला पोलंडमधलं विट्का नदीवरचं धरण फुटलं आणि नाइसे खोऱ्यात मोठा पूर आला. लाकडी पुलाचा बळी नेहमी पाण्यापेक्षा ओंडक्यांच्या अडकलेल्या ढिगाला जातो.

पैशाचं सांगायचं तर युरोपीय संघाचा इंटररेग निधी अशा सीमापार कामांना मिळतो. तो खर्च झाल्यावर परत मिळतो, म्हणून सुरुवातीचे काही महिने स्वतःची रोकड लागते. झालेलं काम किमान पाच वर्षं टिकवून दाखवावं लागतं, आणि रोजची देखभाल त्यात बसत नाही. जर्मनीत मूल्यवर्धित कर 19 टक्के, पोलंडमध्ये 23, निविदेचे नियमही वेगळे. त्यामुळे एकच पूल दोन कंत्राटांत तोडू नये. एकच कंत्राट एका बाजूने मुख्य भागीदार म्हणून काढावं. सगळ्यात जास्त ठिकाणी चूक होते ती पुढची: भांडवली निधी येतो, दृश्यं उघडतात, उद्घाटन होतं, आणि फुटवे कापणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद कुठेच नसते. उघडलेली दृश्यरेषा देखभालीशिवाय सहा-सात वर्षांत पुन्हा बंद होते. म्हणून तोडणीच्या प्रत्येक हेक्टरसोबत पुढच्या दहा वर्षांच्या कापणीचा खर्च जोडल्याशिवाय काम मंजूर करू नये.

पर्यटनाच्या बाजूने मुस्काऊची स्थिती पाहा. बागेला तिकीट नाही, वाड्यातल्या प्रदर्शनाला आणि मनोऱ्याला आहे. नदीकाठचा ओडर-नाइसे सायकल मार्ग इथूनच जातो. वाइसवासरहून 600 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची जुनी वन रेल्वे बाड मुस्काऊपर्यंत येते, तिची दुसरी शाखा क्रोमलाऊच्या रोडोडेंड्रॉन बागेत आणि तिथल्या प्रसिद्ध अर्धवर्तुळाकार दगडी पुलाकडे जाते. वेंक्नित्साच्या मोठ्या बाजारात स्वस्त खरेदीला येणारी गर्दी वेगळीच. त्या लोकांना बागेत आणायचं तर बाजाराच्या बाजूनेही एक सुबक प्रवेश, स्वच्छतागृह आणि दोन तासांत होईल अशी खुणा केलेली फेरी हवी. गाड्या कडेलाच थांबवाव्यात. फलक कमीत कमी, जमिनीलगत, आणि कधीही दृश्याच्या रेषेत नाहीत. भाषा जर्मन, पोलिश, इंग्रजी, आणि स्थानिक सोर्ब भाषेतलं मुझाकोव हे नावही, कारण ते या जागेचं सगळ्यात जुन्या लोकांचं नाव आहे. दोन्ही काठांवर फेऱ्यांचे रंग आणि क्रमांक एकच ठेवावेत. जर्मन नकाशात लाल आणि पोलिश नकाशात निळी अशी एकच वाट असेल तर माणूस पुलावरच गोंधळतो.

कुणाला हे काम प्रत्यक्ष पाहायला जायचं असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावं, पानं अर्धी झडलेली असतात आणि तोडणीच्या खुणा झाडांवर दिसतात. कॉटबुसहून रेल्वेने वाइसवासर, तिथून बस. सकाळी वाड्याच्या बाजूने सुरुवात करून पुलावरून पोलंडच्या उंचीवर जावं, दुपारनंतर सूर्य वाड्याच्या मागे गेलेला असतो तेव्हा फोटो चांगले येत नाहीत, पण मैदानांच्या कडा आणि झाडांच्या सावल्या नीट वाचता येतात. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, मात्र अलीकडे दोन्हीकडून सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू झालेली आहे, तेव्हा बागेत फिरतानाही पासपोर्ट खिशात ठेवावा.